दीर्घकालीन आजारात आधारगट नेमके काय करतात?

संथवाहती (मूळ लेख)

दीर्घकालीन आजाराविषयी बोलताना आपण बहुधा निदान, औषधे आणि तपासण्या यांच्यापाशीच घोटाळतो. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो ते तास फार तर बोटांवर मोजण्याइतके असतात; उरलेला सगळा काळ आजार सांभाळण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते, आणि या कामाचे शिक्षण त्याला बहुतेक वेळा कोणीच दिलेले नसते. मधुमेह असो, संधिवात असो, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील नसांच्या आवरणाचा आजार) असो की मूत्रपिंडाचा विकार, परिस्थिती थोड्याफार फरकाने सारखीच. आधारगट, म्हणजे एकाच आजाराच्या रुग्णांचे किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांचे आपसात भेटणारे गट, धीर देतात असे सर्रास म्हटले जाते आणि ते खोटे नाही. परंतु त्यांचे मुख्य काम हे राहून गेलेले शिक्षण देण्याचे आहे असे माझे मत आहे, आणि त्यावर इतरांचे अनुभव व आक्षेप वाचायला मिळावेत म्हणून हा धागा काढत आहे.

मी पार्किन्सन्सचा शुभार्थी आहे. (आमच्या गटात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात.) या आजारात चालता चालता पाय एकाएकी जमिनीला खिळतात, विशेषतः दाराच्या चौकटीत किंवा वळताना. एका सभेच्या वेळी एक ज्येष्ठ सदस्य दारातच असे अडकले. सोबतचे नातेवाईक सवयीप्रमाणे त्यांचा हात धरून पुढे ओढू लागले, तेव्हा दुसऱ्या एका शुभार्थींनी त्यांना थांबवले, स्वतःची काठी त्या गृहस्थांच्या पावलांपुढे आडवी ठेवली आणि "ही ओलांडा" एवढेच म्हटले. पाऊल उचलले गेले. नजरेसमोर ओलांडण्याजोगी रेघ असली किंवा तालात आकडे मोजले तर खिळलेले पाय सुटू शकतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला चांगली माहीत आहे आणि भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) ती शिकवतातही. तरीही त्या कुटुंबापर्यंत ती इतक्या वर्षांत पोहोचली नव्हती. पोहोचली ती अशा माणसाकडून, ज्याचे स्वतःचे पाय त्याच जागी अडकत होते.

ही कल्पना जुनी आहे. बोस्टनमधील डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयरोग्यांचा एक 'वर्ग' सुरू केला. आरोग्यधामाचा खर्च न परवडणारे रुग्ण आठवड्यातून एकदा जमत आणि घरी घेतलेल्या विश्रांतीच्या व तापाच्या नोंदी वहीत लिहून आणत. प्रॅट यांचा मूळ हेतू वेळ वाचवून अनेकांना एकत्र सूचना देण्याचा होता, पण एकाच आजारामुळे भिन्न धर्मांची आणि भिन्न थरांतील माणसे एकमेकांशी बांधली जातात व त्याचा उपचारावर परिणाम होतो, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम तयार केला, आणि त्यात शिकवणारेही रुग्णच ठेवले. त्यातून विकसित झालेला दीर्घकालीन आजारांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा असतो, दर आठवड्याला अडीच तास, आणि तो चालवणाऱ्या दोघांपैकी किमान एकाला स्वतःला असा आजार असावा अशी अपेक्षा असते.

लॉरिग यांच्या कामातील एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. कोण किती नियमाने व्यायाम करू लागले आणि कोणाचे दुखणे किती कमी झाले, यांचा संबंध त्यांना अपेक्षेपेक्षा क्षीण आढळला. "या आजाराचे काही ना काही मला करता येते" हा विश्वास ज्यांच्यात वाढला होता, त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली. हा विश्वास व्याख्यानातून येत नाही. तो आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहून येतो.

आपल्याला गटातून नेमके काय मिळाले, आणि कुठे गट निरुपयोगी किंवा त्रासदायक ठरला, हे दोन्ही लिहावे ही विनंती.

---

चाकोरीबाहेर

मोठ्या आतड्याच्या आजारामुळे ते काढावे लागले आणि तेव्हापासून मला इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतड्याचे टोक पोटावर आणून त्यावर पिशवी लावावी लागते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, परिचारिकांनी पिशवी बदलायला नीट शिकवले, आणि तरीही घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच माझी पिशवी वारंवार गळू लागली, कातडी सोलवटून निघाली व मी बाहेर पडणेच बंद केले.

गटातील एका बाईंनी मला जे विचारले ते आजवर कोणी विचारले नव्हते: "चकतीचे भोक शेवटचे कधी मोजलेत?" (चकती म्हणजे पिशवी पोटाला चिकटवणारा भाग.) शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत सूज उतरते आणि स्टोमा, म्हणजे पोटावर आणलेले आतड्याचे तोंड, आकसतो, त्यामुळे रुग्णालयात कापून दिलेल्या मापाचे भोक मोठे पडते आणि उघड्या राहिलेल्या कातडीवर स्राव साचतो. मग त्यांनी एकामागून एक सगळे सांगितले. पिशवी सकाळी काही खाण्यापिण्याआधी बदलावी, कारण तेव्हा स्राव सर्वांत कमी असतो. एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, नाहीतर वजनाने ती सुटते. चकती लावण्यापूर्वी तळहातांमध्ये धरून कोमट करावी, म्हणजे ती चांगली चिकटते. यातले काही माहितीपत्रकात छापलेले होते, हे मला नंतर दिसले. परंतु घाबरलेला माणूस पत्रक वाचतो तेव्हा त्यातले आपल्या उपयोगाचे वाक्य कोणते, हे त्याला कळत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण ती कोणत्याच पत्रकात नसते. जोडीदाराशी जवळीक करताना या पिशवीचे काय करायचे, हा प्रश्न मी कोणत्याही डॉक्टरांना विचारू शकलो नसतो. गटात तो मला विचारावाच लागला नाही. एका जोडप्याने आपणहून विषय काढला, आणि खोलीतल्या निम्म्या लोकांनी एकदम सुटकेचा निःश्वास टाकला.

---

तराजू

वरील दोन्ही अनुभव मोलाचे आहेत, पण अनुभवांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढताना थोडी सावधगिरी बाळगावी असे सुचवतो. ज्यांना गटाचा उपयोग झाला नाही ते गट सोडून जातात आणि अशा चर्चांत लिहायलाही येत नाहीत.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या अभ्यासाचे आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रिया होत्या. गटात बसलेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि न बसलेल्या १८.९ महिने. या आकड्यांनी मोठी खळबळ उडाली. मग २००१ मध्ये पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला आणि आयुर्मानात काहीही फरक आढळला नाही. स्पीगेल यांनी स्वतः पुन्हा केलेल्या अभ्यासातही एकूण रुग्णांमध्ये तो परिणाम दिसला नाही. म्हणजे गट आयुष्य वाढवतो हे म्हणणे आता सोडून द्यायला हवे, आणि तरीही ते आजही ठिकठिकाणी छापले जाते याचे मला वैषम्य वाटते.

मधुमेहाबाबतही चित्र संमिश्र आहे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४४ माजी सैनिक होते. त्यांतील काहींच्या जोड्या लावून त्यांना दर आठवड्याला एकमेकांशी फोनवर बोलायला सांगितले, तर बाकीच्यांना नेहमीप्रमाणे परिचारिकेचे मार्गदर्शन दिले. सहा महिन्यांनी जोडीवाल्यांचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेचे माप) सरासरी ८.०२ वरून ७.७३ पर्यंत उतरले, आणि दुसऱ्यांचे ७.९३ वरून ८.२२ वर गेले. हे उत्साहवर्धक आहे. परंतु पुढच्याच वर्षी आयर्लंडमधील ३९५ रुग्णांच्या अभ्यासात, जिथे रुग्ण-मार्गदर्शक नेमून गटसभा घेतल्या होत्या, असा कोणताही फायदा दिसला नाही, आणि अनेकजण सभांना फिरकलेच नाहीत.

---

संथवाहती

@तराजू, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. आयुर्मानाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मात्र गुडविन यांच्याच अभ्यासात गटातील स्त्रियांचा मानसिक त्रास आणि वेदनेची तीव्रता कमी झाल्याचेही आढळले होते, आणि ज्या आरंभीच अधिक खचलेल्या होत्या त्यांना हा लाभ जास्त झाला. उरलेले महिने तेवढेच, पण कमी वेदनेचे, हा माझ्या लेखी किरकोळ परिणाम नाही.

दोन मधुमेही अभ्यासांची तुलना करताना मला एक फरक जाणवतो. फोनवरच्या जोडीत दोघेही एकमेकांना विचारणारे आणि सांगणारे होते. दुसरीकडे एकाला मार्गदर्शक नेमले होते आणि बाकीचे श्रोते. हा फरकच निर्णायक होता असे दोन अभ्यासांवरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण माझा अनुभव त्याच दिशेने बोट दाखवतो.

---

हालचाल

भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून एक छोटी सूचना. पावलांपुढे काठी आडवी टाकण्याची युक्ती प्रसंगी चालते, पण काठीत पाय अडकून पडण्याचा धोका असतो. घरात जिथे पाय नेहमी खिळतात तिथे जमिनीवर गडद रंगाच्या चिकटपट्ट्या पावलाच्या अंतराने लावाव्यात. सोबतच्या माणसाने ओढू नये, हे मात्र अगदी बरोबर.

---

परतपावली

आपण त्रासदायक अनुभवही मागितलेत म्हणून लिहिते. मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाल्यावर मी एका गटात गेले आणि काही सभांनंतर जाणे थांबवले. मला तेव्हा फक्त एका डोळ्याने धूसर दिसत होते व पायांना मुंग्या येत होत्या. समोर चाकाच्या खुर्चीतील माणसे होती, लघवीच्या नळीविषयी चर्चा चालली होती, आणि कोणीतरी अत्यंत प्रेमाने मला म्हणाले, "सुरुवातीला आम्हीही तुमच्यासारखेच होतो." त्यांचा हेतू चांगला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्यापेक्षा बऱ्या अवस्थेतील माणूस पाहून उमेद वाढते आणि वाईट अवस्थेतील पाहून "आपले बरे आहे" असे वाटते, असे मानसशास्त्रात सांगतात. मला वाटते, उलटही तितकेच घडते. बरा माणूस पाहून हेवा वाटतो आणि जास्त आजारी माणसात आपले भविष्य दिसते. कोणती बाजू वरचढ ठरेल, हे आजार वाढत जाणारा आहे की स्थिर, आणि आपण निदानानंतर किती काळाने तिथे गेलो आहोत, यावर अवलंबून असावे. मी आता काही वर्षांनी दुसऱ्या गटात जाते. तिथे नव्यांची सभा वेगळी असते आणि ती मला अत्यंत शहाणपणाची व्यवस्था वाटते.

---

तराजू

@परतपावली, तुमच्या म्हणण्याला संशोधनाचा आधार आहे. व्हिकी हेल्गसन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, आजाराची माहिती देणाऱ्या सत्रांचा फायदा स्पष्ट दिसला, परंतु केवळ एकमेकींशी मन मोकळे करण्याच्या गटांचा सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांना घरून पुरेसा आधार नव्हता त्यांना अशा गटांनी मदत झाली. ज्यांना जोडीदाराचा भक्कम आधार आधीच होता, त्यांच्यापैकी काहींची शारीरिक स्थिती उलट खालावल्याचे आढळले. तेव्हा "प्रत्येकाने गटात जावे" हा सल्ला डोळे झाकून देऊ नये.

---

उंबरठा

मी शुभंकर आहे. पतीला स्मृतिभ्रंश आहे. वरच्या चर्चेत सगळे रुग्णांविषयी आहे, ते साहजिकच, पण काही आजारांत गटाची खरी गरज सांभाळणाऱ्यालाच असते.

आमच्या गटात एक अलिखित शिरस्ता आहे: इथे बोललेले इथेच राहते. त्यामुळे एक गृहस्थ एकदा सांगू शकले की, बायको एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते तेव्हा आपण न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतो आणि नळ सोडून उभे राहतो. त्यावर कोणी "तुम्ही फार मोठे काम करत आहात" असे म्हटले नाही. एका ताईंनी विचारले, "प्रश्न कोणत्या वेळी जास्त येतो?" संध्याकाळी, असे उत्तर आले. मग अंधार पडण्यापूर्वीच घरातले दिवे लावणे, त्या वेळी हाताला काहीतरी काम देणे, उत्तर देण्याऐवजी तिच्या प्रश्नामागची भीती ओळखून तिच्याशी बोलणे, असे उपाय निघत गेले. कौतुकाने त्या गृहस्थांचे काहीच भागले नसते. नातेवाईक कौतुक भरपूर करतात.

---

जुनी वही

एका गटाचे संयोजन मी बराच काळ पाहत आहे, म्हणून व्यवस्थेविषयी थोडे लिहितो. चांगला गट आपोआप चालत नाही.

सर्वांत मोठा धोका औषधांच्या सल्ल्याचा. "मी ही गोळी बंद केली आणि मला काही झाले नाही" हे एक वाक्य एखाद्याला रुग्णालयात पोहोचवू शकते. स्टिरॉइड किंवा फिट्सची औषधे एकदम थांबवणे तर जिवावर बेतू शकते. आमच्याकडे नियम असा आहे की, आपल्याला काय झाले ते सांगावे, दुसऱ्याने काय घ्यावे ते सांगू नये. हमखास गुण येणारे चूर्ण विकायला येणारा कोणी ना कोणी दर वर्षी उगवतोच. त्याला नम्रपणे पण पहिल्याच सभेत थांबवावे लागते, कारण दुसऱ्या सभेपर्यंत त्याचे चार गिऱ्हाईक झालेले असतात.

उलट बाजूही सांगायला हवी. एएलएस या, स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी निकामी करत जाणाऱ्या आजारात लिथियम हे औषध उपयोगी पडते असा एका लहानशा इटालियन अभ्यासाचा दावा २००८ मध्ये आला, तेव्हा 'पेशंट्सलाइकमी' या संकेतस्थळावरील अनेक रुग्ण ते घेऊ लागले. फरक इतकाच की त्यांनी आपल्या प्रकृतीच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्या. त्या नोंदींचे विश्लेषण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लिथियमने आजार मंदावत नाही असे त्यातून दिसले. पुढे रीतसर चाचण्यांनीही तेच सांगितले. रुग्णांचा समूह अफवा पसरवू शकतो तसा ती तपासूही शकतो, पण त्यासाठी लिहून ठेवण्याची शिस्त लागते.

दुसरा धोका कमी दिसतो. काही सभा दुःखाच्या लिलावासारख्या होतात: एकाने आपले दुखणे सांगितले की दुसरा त्याहून मोठे बोलतो. अशा वेळी मी विषय एका अगदी छोट्या कामाकडे वळवतो, उदाहरणार्थ सकाळी बोटे आखडलेली असताना सदऱ्याच्या गुंड्या कशा लावायच्या. गुंडी ओढून लावायच्या आकड्याची (हुकाची) आणि काज्याची चर्चा सुरू झाली की आवाज बदलतात.

आणि तिसरे म्हणजे संयोजकाची दमछाक. गट एका माणसाच्या खांद्यावर उभा असेल तर तो माणूस आजारी पडताच बंद पडतो, आणि इथे तर संयोजकही आजारीच असतो. म्हणून प्रत्येक कामाला दोघे.

---

चाकोरीबाहेर

@जुनी वही, शेवटच्या मुद्द्याला जोडून. गट मला नेमका कधी लागू पडला, असे विचाराल तर पिशवी गळायची थांबली तेव्हा नव्हे. एका नव्या रुग्णाला भेटायला मला पाठवले तेव्हा. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच मांडले होते की, मदत करणाऱ्यालाच मदतीचा उपचार अधिक घडतो. कॅरोलिन श्वार्ट्‌झ यांच्या १९९९ च्या अभ्यासात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांना नीट ऐकून घेण्याचे प्रशिक्षण देऊन इतर रुग्णांना दर महिन्याला फोन करायला सांगितले होते. ज्यांना फोन गेले त्यांच्यापेक्षा फोन करणाऱ्यांत अधिक सुधारणा आढळली. ते मोजकेच लोक होते हे @तराजू सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकतो.

आजारी माणसाला सगळे जण देतच असतात: औषध, जेवण, सल्ला, सहानुभूती. त्याच्याकडे काही मागायला कोणी येत नाही. गटात येतात.

---

तराजू

सांगणारच होतो. पण मुद्दा पटतो.

---

नवखी

गेल्या महिन्यात मला ल्युपसचे निदान झाले, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. जवळपास कुठेही या आजाराचा गट नाही, आणि असता तरी अनोळखी लोकांसमोर मी बोलू शकेन असे वाटत नाही. सगळा धागा वाचला. माझ्यासारखीने काय करावे?

---

परतपावली

@नवखी, कमी आढळणाऱ्या आजारांसाठी दूरस्थ गट चांगले चालतात, आणि थकवा हेच मुख्य लक्षण असताना घरी पडल्या पडल्या सहभागी होता येणे ही मोठी सोय असते. पहिल्या काही सभांना फक्त ऐकावे; कॅमेरा बंद ठेवायची परवानगी आहे का हे संयोजकांना आधीच विचारून घ्यावे. नव्यांसाठी वेगळी सभा असेल तर तिथूनच सुरुवात करावी. एखाद्या सभेनंतर जड वाटले तर पुढची चुकवावी. कोणी जाब विचारत नाही, आणि विचारत असतील तर तो गट आपला नव्हे.

---

जुनी वही

@नवखी, आणि संधिवाताचा गट मिळत असेल तर त्यातही जायला हरकत नाही. सांधेदुखी, थकवा, उन्हाने उठणारे चट्टे, स्टिरॉइडमुळे आलेली चेहऱ्यावरची सूज, कार्यालयात किती सांगायचे आणि किती नाही, यांतले बरेचसे तिथल्या लोकांनाही ठाऊक असते. जाताना एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा, शक्य तितका छोटा. "मी आता कशी जगू" यावर कोणालाच उत्तर देता येत नाही. "सकाळी अंथरुणातून उठायला तास लागतो, कामावर वेळेत कसे पोहोचायचे" यावर पाच जण बोलतील.

---

नवखी

हा दुसरा प्रश्न माझाच आहे. लिहून घेतला.